कडू लिंबाचा लेप

३ मे, अकोला

ठरलं. शिवमचं अंगावरचं दूध तोडायचं! चौदा महिन्यांचा घोडा झालाय. दहा दिवसांनी अमरावतीत माझे एम.एस्सी.चे पेपर — तीन पेपर, पाच दिवस. हिवाळ्यात त्याला सोबत नेलं होतं. हॉलबाहेर त्याचं रडणं ऐकलं नि अर्धा पेपर टाकून पळाले. नापास! आता ही शेवटची संधी.

सासूबाई म्हणाल्या, "कडू लिंब वाटून लाव. दोन दिवसांत तोंड फिरवते का नाही, पाहय."

५ मे

लावला. शिवमनं तोंड वेडंवाकडं केलं, माझ्याकडे रागानं पाहिलं — आणि पीत राहिला! लिंबासकट! सासूबाई हसून हसून बेजार. "बापावर गेला. त्यालेबी कारलं लय आवडते."

मला हसू आलं नाही. लिंबातल्या कडूपणाची रासायनिक रचना मला तोंडपाठ आहे. काय उपयोग?

८ मे

दुप्पट लावला. तरी प्याला. खरं सांगू? बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्याच पानावर आहे सकाळपासून.

१२ मे

निघाले. नितेश म्हणाला, "मी हावो ना घरी. तू कावून घाबरून राहिली?" शिवम बापाच्या कडेवर, हातात बिस्किट. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गाडी चुकलीच असती.

१३ मे, राजापेठ, अमरावती, बहीण साधनाताईकडे

पहिला पेपर. दुसऱ्या तासाला बाहेर कुणाचं तरी बाळ रडलं आणि माझा कुर्ता भिजला. भर वर्गात! उठणारच होते. पर्यवेक्षक बाई आल्या, माझी ओढणी सारखी केली. हळूच म्हणाल्या, "लेकरू कोनापाशी हाय?"

"सासूपाशी."

"मंग लिहा बाई."

लिहिलं.

१५ मे

छाती दगडासारखी झालीय. हात लावू देत नाही. फोनवर सासूबाई — "मस्त जेवून राहिला. तू तुहं पाहय." मी काय पाहू? दुसरा पेपर झाला.

१७ मे, अकोला

तिन्ही पेपर पुरते लिहिले! पास होणार मी, नक्की. स्टेशनवरून तडक घरी. शिवम हसत आला. हातपाय धुतले, त्याला मांडीवर घेतलं, दार लोटलं. एकदाच. फक्त एकदा, शेवटचं.

त्यानं तोंड फिरवलं.

आज काहीच लावलं नव्हतं.