कागदावर बारा आहेत

मी, पाट्या रंगवणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा अजून चालू, राहणार स्वतःच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, आज माझ्याच अकलेने आणि माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून वळवलेलंही नाही. वळवायला एक-दोघे आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. डावा गुडघा सोडला तर माझं सगळं ठिकाणावर आहे. वारसांची कागदोपत्री नावं वकीलबाईंनी वेगळ्या पाकिटात मोहोरबंद केली आहेत. इथे मी त्यांना रोजच्या हाकेने लिहिते.

तीन वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यातलं एक कलम चुकीचं होतं आणि चूक माझी होती.

कलम पहिले. तळमजल्यावरचं दुकान, वरच्या दोन खोल्या, जिना आणि मागची पत्र्याची न्हाणी, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत मी माझ्या लेकीला देते. जिन्याची चौथी पायरी हलते. तिचा बाप तीस वर्षं ‘येत्या रविवारी बसवतो’ म्हणत राहिला आणि तसाच गेला. लेकीने रविवारची वाट पाहू नये, सुतार बोलवावा.

कलम दुसरे. दोन शिड्या, सगळे ब्रश, रंगाचे डबे आणि आखणीची खडूची दोरी शेजारच्या फ्लेक्सवाल्याला द्यावी. हे वाचून लेक कपाळावर हात मारेल. या माणसाने यंत्र आणून माझा अर्धा धंदा बुडवला हे खरंच आहे. पण गेल्या वर्षी वीज गेली, यंत्र बंद पडलं, तेव्हा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “आजी, हाताने सरळ रेघ कशी मारायची?” इतक्या वर्षांत मला हे विचारणारा तो एकटाच. ब्रश वापरून झाल्यावर धुवावेत, ही अट.

कलम तिसरे. लढाईतल्या कामगिरीच्या बक्षिसासाठी केलेला माझा अर्ज ‘पुराव्याअभावी’ असा शेरा मारून परत पाठवणारा नगरपालिकेचा कारकून आता हयात नाही. त्याला मी माफ करत नाही. सरसकट सगळ्यांना माफ करायला मी काही संत नाही.

कलम चौथे, दाजींबद्दल. मागच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं, ‘माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला माझ्या घरातला खिळासुद्धा मिळू नये.’ ते का लिहिलं आणि का खोडलं हे सविस्तर सांगणं भाग आहे.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी नदीपलीकडचा मुलूख शत्रूने घेतला. दाजी टपालखात्यात होते आणि पुलाच्या राखणीला स्वयंसेवक म्हणून गेले होते. पूल शत्रूच्या हाती पडला आणि ते पकडले गेले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तीन आठवडे ताईच्या पोटात धड अन्न नव्हतं. मग पलीकडच्या धोबिणीकडून निरोप आला, की साबणाच्या बंद कारखान्यात आपली अकरा माणसं कोंडली आहेत, त्यात टपालवाला आहे, आणि महिनाअखेर सगळ्यांना लांब खाणीत हलवणार आहेत. खाणीतून कोणी परत येत नसे.

ताई म्हणाली, “तुला त्यांची भाषा येते.”

“येते म्हणजे पाटीपुरती येते,” मी म्हटलं.

“मग पाटीच रंगव.”

माझ्या बहिणीने आयुष्यात दिलेली एवढी एकच कल्पना, पण लाखमोलाची. शत्रू पळता-पळता एक बंद पडलेली लॉरी आमच्या बाजूला टाकून गेला होता. दुधाच्या गाडीवरच्या लंबू ड्रायव्हरने ती चालू केली. त्याला रानातला, विटांच्या भट्ट्यांकडून नदीच्या उथळ पाण्यातून पलीकडे जाणारा रस्ता पाठ होता. मी लॉरी पांढरी केली, दोन्ही दारांवर त्यांच्या भाषेत ‘साथरोग पथक, दूर राहा’ असं लिहिलं आणि त्यांच्या जुन्या पत्रकावरचा शिक्का बघून बटाट्यावर तसाच कोरला. मग हुकूम तयार केला: संसर्गजन्य तापाचे रुग्ण, अकरा, पथकाच्या ताब्यात द्यावेत. ताईने चादर फाडून मला नर्सचा पोशाख शिवला. तो इतका घट्ट झाला की श्वास घ्यायचा तर आधी परवानगी काढावी लागे.

सकाळी साडेअकराला आम्ही कारखान्याच्या फाटकाशी उभे होतो. लंबूच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते.

“घाबरलात?” मी विचारलं.

“इंजीन गरम आहे,” तो म्हणाला. पुढे सात महिन्यांनी मी याच माणसाशी लग्न केलं.

फाटकावर एकच पहारेकरी होता. केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला तो म्हातारा वाटला, पण चोविसाव्या वर्षी चाळिशीचा माणूसही म्हाताराच वाटतो. वरच्या मजल्याच्या खिडकीत त्यांचा अधिकारी नाकाला रुमाल लावून उभा होता. दारावरचा मजकूर वाचून त्याने खाली यायचा विचार सोडला असावा.

पहारेकऱ्याने लॉरीभोवती एक चक्कर मारली. दारापाशी थांबला. बोट अक्षरांवर ठेवून म्हणाला, “या शब्दात हे अक्षर दोनदा येतं. तुम्ही एकदाच लिहिलंय.”

“पेंटर अडाणी होता,” मी म्हटलं.

“माझ्या शाळेतली मुलंही हीच चूक करतात. दुरुस्त करा. पुढच्या चौकीवर तरुण पोरगा आहे, त्याला फार नीट वाचता येतं.”

सीटखाली डबा आणि ब्रश होता. शत्रूच्या फाटकात, भर उन्हात उभं राहून मी शुद्धलेखन सुधारलं. हात कापला नाही. रंगाच्या वेळी माझा हात कधीच कापत नाही.

मग त्याने हुकूम घेतला, शिक्क्यावर नजर टाकली, फाटकाजवळच्या मेजावर ठेवला आणि कुलूप काढायला गेला. दारातून माणसं बाहेर येऊ लागली. मी मनात मोजत होते. दाजी नववे. हाडांचा सापळा झाला होता. मला ओळखून त्यांनी नजर खाली घातली. दहा, अकरा, आणि बारा. बारावा एक बस कंडक्टर होता, आदल्याच दिवशी आणलेला.

खिडकीतून अधिकारी ओरडला, “कागदावर जेवढे तेवढेच जातील! मोजून सोड!”

लंबू टायर तपासल्यासारखा वाकला आणि आपल्या भाषेत पुटपुटला, “अकराच लिहिलेत.” पुढच्या दोघा-चौघांना ते ऐकू गेलं. कोणी हललं नाही. मग दाजी बाजूला झाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. हळूच म्हणाले, “मला चालवत नाही. याला न्या.” आणि कंडक्टरकडे बोट केलं.

माझी बहीण घरी दाराकडे डोळे लावून बसलेली, आणि हा माणूस दुसऱ्यासाठी खाली बसतो! मला त्यांचा राग आला. अजून आठवलं की येतो. मी मेजाकडे गेले, पोच लिहिते असं दाखवून दौतीतला टाक उचलला आणि अकराच्या आकड्यातल्या शेवटच्या एकाचा दोन केला. वळण असं जमलं की मला ब्रश धरायला शिकवणारे माझे वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

पहारेकरी वळला. मेजापाशी आला, कागदावर हात ठेवला आणि वर तोंड करून ओरडला, “कागदावर बारा आहेत, साहेब!”

“मग घालव ना लवकर!” वरून आवाज आला.

लंबूने दाजींना उचलून लॉरीत टाकलं. पुढच्या चौकीवरच्या पोराने दारावरचा शब्द न् शब्द वाचला, नाक मुरडलं आणि दांडा वर केला. दुपारी दोनला आम्ही नदीच्या आपल्या बाजूला होतो. बाराच्या बारा. ताईने दाजींना पाहिलं आणि आधी त्यांना नव्हे, मला मिठी मारली. नर्सचा पोशाख तिथेच उसवला.

आता भांडणाचं मूळ. लष्कराच्या साहेबाने विचारलं तेव्हा दाजींनी सांगितलं की आम्ही एका दगडखाणीच्या कोठडीतून नाल्याच्या वाटेने पळालो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला आणि लंबूला गप्प बसायचा हुकूम झाला. दाजींची गोष्ट पेपरात आली. लढाई संपल्यावर मी खरं सांगू लागले, तर लोक हसत. कळस म्हणजे नगरपालिकेने पुलाजवळ त्या नाल्याच्या गोष्टीची स्मृतिपाटी लावली आणि ती रंगवायचं काम मलाच दिलं. रंगवली. पोट सगळ्यांनाच असतं. पण त्या दिवसापासून मी दाजींशी कामापुरतंच बोलले. ताई मध्ये पडायची तेव्हा मी म्हणायचे, “अगं, त्या मास्तराला मी शुद्धलेखनात अडकवलं म्हणून तुझा नवरा सुटला!”

ताई गेली. पाच महिन्यांपूर्वी दाजी पडले, खुब्याचं हाड मोडलं. भाचीने बोलावलं म्हणून दवाखान्यात गेले. दाजींनी उशीखालून एक कागद काढला. माझा हुकूम! माझं अक्षर, माझा बटाट्याचा शिक्का. आणि त्या दोनाच्या आकड्यावर निळा, फिसकटलेला अंगठ्याचा ठसा.

“हा कुठून आला?”

“फाटकावरच्या त्या मास्तरने जपून ठेवला होता, पुढे मला दिला. तू टाक चालवत होतीस ना, तेव्हा तो कुलपाशी उभा राहून बघत होता. मी खाली बसलेलो, मला त्याचं तोंड दिसत होतं. तुझं होईपर्यंत थांबला. मग आला आणि ओल्या शाईवर अंगठा ठेवला, वरून दिसू नये म्हणून. अंगठा निळा झाला, तो विजारीला पुसला.”

मी खुर्चीत बसले. “म्हणजे मी त्याला फसवलं नाही.”

“नाही. त्याने जाऊ दिलं.”

“आणि ते अक्षर?”

“आपण पुढच्या चौकीवर पकडले जाऊ नये म्हणून.”

दाजी म्हणाले, लॉरीची गोष्ट पेपरात आली असती तर ती पलीकडेही वाचली गेली असती आणि मास्तरला भिंतीशी उभं केलं असतं. म्हणून नाला. पूल पुन्हा खुला झाला तेव्हा ते त्याला शोधत गेले. तो परत शाळेत शिकवत होता. म्हणाला, मी असेपर्यंत बोलू नका, इथे ते सगळ्यांना रुचणार नाही. त्यानंतर दाजी दर वर्षी एकदा त्याच्याकडे चहाला जात. ताईला सांगत, पाठीच्या डॉक्टरकडे चाललोय. चार वर्षांपूर्वी, पंचाण्णवाव्या वर्षी, नातवंडांच्या घोळक्यात तो शांतपणे गेला.

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तेव्हा? तुझ्या पोटात काही राहतं का? जे असेल ते भिंतीवर, तेही दोन हात उंच अक्षरांत.”

“आणि ही चार वर्षं?”

“तू बोलत कुठे होतीस?”

मी सत्तावन्न वर्षं माझ्या हुशारीची गोष्ट सांगत होते. ती एका भल्या माणसाचीही गोष्ट निघाली. थोडं दुखलं. मग रात्री झोप मात्र छान लागली.

सबब: माझ्या यजमानांची हातांची खुर्ची, गादीसह, दाजींना द्यावी. खुब्याला उंच खुर्ची बरी असते. माझ्या आधी ते गेले तर खुर्ची भाचीला. पुलाजवळची स्मृतिपाटी बदलण्याबद्दल नगरपालिकेला केलेले माझे सगळे अर्ज मी मागे घेते. मात्र मास्तरच्या नातीने आता हरकत नाही असं कळवलं आहे, तेव्हा हे कलम माझ्या पश्चात सर्वांसमोर मोठ्याने वाचावं, आणि वाचणाऱ्याने घाई करू नये.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक लेक आणि भाची यांनी समसमान घ्यावी. बारावा कंडक्टर पुढे चार मुलींचा बाप झाला. त्याची नात चष्म्याचं दुकान चालवते आणि माझ्याकडून कधी पैसे घेत नाही. तिच्या दुकानाची पाटी लेकीने दर तीन वर्षांनी रंगवून घ्यावी.

कलम सहावे. देह वैद्यकीय कॉलेजला द्यावा. विद्यार्थ्यांना डाव्या गुडघ्याबद्दल काही कळलं तर ते भाचीला कळवावं, तिलाही तोच त्रास आहे.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मात्र उतावीळ होऊ नये. मास्तरच्या शाळेची पाटी ऊन-पावसाने पुसट झाली आहे असं त्याची नात लिहिते. दाजी आता काठी घेऊन चालतात. येत्या गुरुवारी सकाळी सात-पंचवीसच्या बसची आम्ही दोघांनी तिकिटं काढली आहेत. मी पाटी रंगवणार, ते शिडी धरणार. परत आल्यावर या लेखात फेरबदल करण्याचा हक्क मी राखून ठेवते.

ठिकाण: दुकान, पुढची खोली. दिनांक: मार्चचा दुसरा सोमवार, दुपारी चार.

लिहून देणार: पाट्या रंगवणारी (सही)

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)

साक्षीदार दुसरी: गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई (सही). बाईंना मी आज तपासलं. पूर्ण शुद्धीवर आहेत. प्रवासाला हरकत नाही.