कार्डावरचं नाव

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय सोनल,

हे फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू विषय बदलतेस आणि मी बदलू देतो. म्हणून लिहायला बसलोय. आई बस्तीत दर्शनाला गेली आहे, ती येईपर्यंत तासभर मोकळा आहे.

तुझा बाप संशयी, हे तुला नवीन नाही. बावीस वर्षं गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. तिथं कुणी जास्त गोड बोललं की मी आधी त्याच्या कॅनमधलं दूध तपासायचो. जूनमध्ये तुम्ही कॅलिफोर्निया सोडून पेनसिल्व्हेनियात राहायला गेलात आणि प्रत्येक फोनवर तू सांगायला लागलीस, आज मतं मागायला दोघं आले, आज पेटीत प्रचाराची पाच कार्डं पडली. तू हसत होतीस, आई हसत होती. मी मात्र मनात म्हटलं, जुन्या घरी इतक्या वर्षांत कुणी दार वाजवलं नाही, मग याच घरात असं काय आहे?

चार दिवस वाचनालयात बसलो. तुमच्या अमेरिकेत म्हणे सगळ्या देशाची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरलेली मतं. पेनसिल्व्हेनियाला एकोणीस, कॅलिफोर्नियाला चोपन्न. राज्यात ज्याला थोडी जरी जास्त मतं पडली, त्याच्या पदरात ती सगळीच्या सगळी. दोन राज्यं तेवढी वेगळी. मी पेपर खाली ठेवला. अगं, हा तर आपला ठराव! शिरोळकडं आपल्या गावात चारशे जण दूध घालायचे, पण जिल्ह्याच्या संघाच्या निवडणुकीत संस्थेचं मत एकच. कमिटीनं ठराव करायचा आणि ठरावात ज्याचं नाव, त्यानं जाऊन मत द्यायचं. सहा विरुद्ध पाच झालं तरी मत सहांचंच. उरलेल्या पाचांनी घरी जाऊन गप्प बसायचं.

शेजारच्या गावची कमिटी अकराच्या अकरा एकाच पॅनेलची. तिकडं कुणी चहालासुद्धा जात नसे. एकाला खात्री, दुसऱ्याला आशा नाही, मग जीपचं डिझेल कोण जाळतंय? आमच्यात मात्र पाच इकडं, पाच तिकडं आणि मधे पिराजी. त्याच्या म्हशीला ताप आला तर दोन्ही पॅनेलचे दोन डॉक्टर हजर. पिराजी काय फार हुशार होता व्हय? बाकीचे दहा आधीच ठरलेले, म्हणून त्याचा भाव. तुझं राज्य म्हणजे पिराजी. एकोणीस मतांचं वजन आणि कौल काठावर. चोपन्नवालं एवढं मोठं असून त्याच्या दारात कुणी जात नाही, कारण ते कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक. हे उमगल्यावर मला केवढं बरं वाटलं! दोन दिवस नीट जेवलो.

पण संस्थेतली दुसरी गोष्ट आठवली. पिराजीच्या भावाचं घर त्याच भिंतीला लागून होतं आणि त्याला कुणी रामराम घालत नव्हतं. गाव काठावरचं असलं तरी चपला मत असलेल्याच्याच दारात निघतात. तू म्हणालीस, कार्डं सम्मेदची. जावई तिथलाच जन्मलेला, त्याला मत आहे, मान्य. पण मागच्या रविवारी आईला रंगीत चित्रं दाखवायला तू गठ्ठा कॅमेऱ्यापुढं धरलास. वरच्या तीन कार्डांवर नाव तुझं होतं. चुकून आली असतील म्हणालीस आणि गठ्ठा पटकन खाली घेतलास. एक चुकतं, सोनल. तीन चुकत नाहीत. आणि मतं मागायला आलेली, तुझ्याकडं लिंबूपाणी पिऊन गेलेली ती मुलगी दारात येऊन तुझंच नाव घेत होती, हेही तूच सांगितलं होतंस.

म्हणजे तुलाही तिथं मत आहे, म्हणजे तू तिथली नागरिक झालीस. आणि तिथला झाला की माणूस इथला राहत नाही, एवढा कायदा मला कळतो. शपथ कधी घेतलीस? मे महिन्यात दोन दिवस फोन लागत नव्हता, तेव्हा? तुझ्या सासरी सगळ्यांना माहीत आणि आम्हीच तेवढे परके? राग आलाय मला. नागरिक झालीस याचा नाही, लपवलंस याचा. नाही, खोटं कशाला बोलू, नागरिक झालीस याचाही आलाय. विमानतळावर आईला म्हणाली होतीस, फक्त आठ वर्षं. ती गेल्या वर्षी संपली. माडीवरच्या तुझ्या खोलीत आई अजून कुणाला साधं पोतं ठेवू देत नाही.

आता हे आजच का लिहिलं ते सांगतो. मंगळवारी शाळेतल्या एक बाई मतदारयादी तपासायला आल्या होत्या. आपल्याकडंही विधानसभा तोंडावर आली आहे. यादीत आपल्या घरची तीन नावं आहेत, बापूसो, चंदना आणि सोनल. बाईंनी तुझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, ताई इथं राहतात का. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, येणार हाय की! बाई समजूतदार. नाव कमी करायचा अर्ज ठेवून गेल्या, महिनाभरानं परत येणार आहेत. त्यावर सही मला करायची आहे. ठरावातून मी भल्याभल्यांची नावं काढली, कधी हात अडला नाही. या अर्जापुढं पेन तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. खोटं नाव यादीत ठेवणं मला जमत नाही आणि आईच्या देखत तुझं नाव काढणं त्याहून जमत नाही. तेव्हा आधी तू तिला सांग, तुझ्या तोंडानं. मी शेजारी बसेन आणि तुझीच बाजू घेईन, शब्द देतो. काल तो अर्ज उलटा करून पाहिला, तर मागं आईच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘सोनलला विचारून मगच.’ मागच्या रविवारी ती माझ्या शेजारीच बसली होती, सोनल, आणि लांबचं बघायला तिला चष्मा लागत नाही.

तुझाच, रागावलेला तरी तुझाच,
आण्णा