तंबूची जागल

१८ नोव्हेंबर, सायंकाळी सव्वासहा.

नेमक्या या वेळी, मंगरूळपीरच्या माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन, माझ्या पुतण्याने मला मेळघाटच्या कड्यावरून खाली उतरवले. अजून आम्ही चढलोही नाही!

सहल ठरवली मी, तंबू आणला मी. आणि सुधाकर म्हणतो, "काकू, तुमी कायले वर येता? आमी पहाटे कड्यावर जाऊन येतो. तुमी खाली तंबूची जागल करजा."

जागल! रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून रात्रभर शेत राखतात, ती. "तंबूत तूर पेरली का रे?" मी विचारले. तो हसला. आपण मानाचे काम दिले, असे त्याला खरेच वाटते. तेच बोचते.

त्या कड्यावरून सूर्योदय पाहायचे आम्ही दोघांनी ठरवले होते, यांच्या निवृत्तीनंतर. निवृत्तीनंतर यांच्या दवाखान्याच्या फेऱ्याच सुरू झाल्या. शेवटपर्यंत मी यांच्या खाटेपाशी बसून राहिले. तीही जागलच. माझी करून झाली.

आता मला वर जायचे आहे. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर नकारसुद्धा लेखी घेत, मीही घेईन. नेणार की नाही, ते सुधाकरने रविवारी संध्याकाळी पाचच्या आत लिहून, सही करून द्यावे. मोबाईलवरचा अंगठा चालणार नाही.