दोनशे टन राय आणि एक आडवी रेघ

राजमान्य राजेश्री धाकटे साडूबुवा यांच्या सेवेशी,

थोरल्या साडूचा (वयाने थोरला, बाकी बाबतींत आपल्या पीठगिरणी महासंघाचं वार्षिक पाहावं) कमरेपर्यंत वाकून नमस्कार. त्याखाली वाकता येत नाही, कारण पाठीत उसण भरली आहे. ती कशी भरली ते ओघात येईलच. तुमचा गुडघा आता कसा आहे? आमच्या मेव्हणीबाईंचा खोकला थांबला का? पीठ नाकातोंडात जाऊ नये म्हणून त्या गिरणीत पाऊल ठेवत नाहीत असं ऐकलं होतं, आणि तरी खोकला. इकडे तुमच्या मेव्हणीबाई ठणठणीत आहेत, म्हणजे माझ्याशी रोज दोन वेळा बोलतात आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर असतं. सासूबाईंचा मुक्काम या सहामाहीत आमच्याकडे आहे. त्या आल्या तेव्हा सामानात एक पेटी, एक उशी आणि एक तसबीर होती.

ती तसबीर तुमची आहे. महासंघाच्या गेल्या वर्षीच्या वार्षिकातलं तुमच्या गिरणीचं पान कापून सासूबाईंनी काचेत बसवलंय आणि ते आमच्या जेवणाच्या टेबलासमोर, माझ्या खुर्चीच्या बरोब्बर समोर टांगलंय. (खिळा मीच ठोकला. त्या खाली उभ्या राहून ‘अंमळ डावीकडे’ म्हणत होत्या.) तुम्ही पांढऱ्या कोटात उभे आहात, एक हात रोलरवर, जणू ते यंत्र तुमच्याच कुळातलं. खाली छापलंय: राय, क्षमता रोज एकशे वीस टन, उत्पादन एकशे अठरा. शाळेत षड्रिपू घोकले तेव्हा पहिले पाच ओळखीचे वाटले होते. सहावा, मत्सर, हा केवळ यादी पुरी करायला घेतला असावा अशी माझी समजूत होती. सध्या तो रोज आमच्याकडे जेवायला असतो.

मला तुमच्या पानाचं काही वाटू नये, हे मला कळतं. माझी गिरणी गव्हाची. रोज दोनशे टन, चार मजले, वीस वर्षांत एकही पोतं परत आलेलं नाही. पण गहू कोण मोजतो? गहू सगळेच दळतात. राय म्हणजे मात्र गव्हाचा तो लांबट, काळपट, थंड मुलखात वाढलेला चुलतभाऊ. त्याचं पीठ करडं, पाव जड, आणि खाणारा माणूस आपण काही तरी विचारपूर्वक खातोय अशा चेहऱ्याने खातो. वार्षिकात विभागवार तक्ते असतात. रायच्या तक्त्यात दक्षिण विभागापुढे तुमचा आकडा, पूर्वेपुढे त्यांचा, आणि आमच्या उत्तर विभागापुढे एक आडवी रेघ. शून्यसुद्धा नाही. शून्य लिहायला निदान कुणाला तरी चौकशी करावी लागते. सासूबाई घास घेता घेता सहज म्हणायच्या, “धाकट्यांच्या पिठाला वास असतो हो.” माझ्या पिठाला काय असतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशा मनःस्थितीत महासंघाचा वार्षिक फॉर्म आला. पहिला रकाना गव्हाची क्षमता: दोनशे लिहिले. दुसरा रकाना रायची क्षमता. तिथे मी नेहमी रेघ मारतो. या वेळी पेन रेघेसाठी टेकवलं आणि माझ्यातला जुना नैयायिक जागा झाला. (चार वर्षं न्यायशास्त्र शिकून पिठाच्या धंद्यात पडलेल्या माणसाचं असंच होतं.) त्या शास्त्रात प्रागभाव म्हणून एक पदार्थ आहे. मडकं घडण्यापूर्वी मातीत मडक्याचं जे नसणं असतं, ते. हे नसणं अनादी असतं आणि मडकं झालं की संपतं. मला वाटलं, क्षमता म्हणजे याहून वेगळं काय? माझ्या गिरणीत दोनशे टन राय अनादी काळापासून नव्हती, म्हणजेच कुठल्याही दिवशी असू शकत होती. मी रायपुढेही दोनशे लिहिले.

आमचे मिस्त्री समोर उभे होते. हा मनुष्य दिवसाकाठी वीस शब्द बोलतो आणि त्यातले दहा यंत्रांशी. ते म्हणाले, “साहेब, गव्हाला जी यंत्रं धरली तीच पुन्हा धरली तुम्ही.”

मी म्हटलं, “क्षमता विचारलीय मिस्त्री. यंत्रं कुठे विचारलीत?”

“बघू,” म्हणाले आणि चाळण्यांकडे गेले.

यंदाचं वार्षिक आलं. रायच्या तक्त्यात उत्तर विभाग पहिला. तुम्ही ऐंशी टनांनी खाली. ते पान मी जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं, आमटी सांडणार नाही पण नजर पडेल अशा बेताने. तीन दिवस ते तिथे होतं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “क्षमता दोनशे, उत्पादन रेघ. मग जावईबापू, पीठ कुठाय?” तुमची तसबीर काचेआडून हसत होती. (फोटोत तुम्ही हसत नाही आहात हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी हसत होतात.)

हा प्रश्न आणखी एका माणसाला पडला. महासंघाचे चिटणीस. पूर्व विभागात यंदा राय उदंड आली, तिथल्या गिरण्या गळ्यापर्यंत भरल्या, आणि या गृहस्थांनी तक्ता उघडून रिकामी क्षमता कुठे आहे ते पाहिलं. उत्तर विभागात दोनशे टन नुसते बसलेले. त्यांचं पत्र आलं: कळविण्यास आनंद होतो की चाळीस टन राय आपल्याकडे चाचणीसाठी रवाना केली आहे, ट्रक पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी मी समक्ष दळण पाहीन, आकडा खरा न ठरल्यास आपल्या गिरणीच्या सर्व आकड्यांपुढे फुली छापली जाईल, तिथून पुढे मी दक्षिण विभागात जाणार आहे. शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट वाचलं नाही. म्हटलं, तुम्हाला हार घालायला जात असतील.

‘सर्व आकड्यांपुढे’ हे शब्द मात्र नीट वाचले. म्हणजे गव्हापुढेही. ते दोनशे टन माझे नाहीत साडूबुवा, मिस्त्रींचे आहेत, आणि त्यांच्या हाताखालच्या एकोणतीस माणसांचे. मिस्त्रींना मी पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि त्या दिवशी यंत्रांशीसुद्धा बोलले नाहीत.

सोमवारी ट्रक आले. आता इथे शहाण्या माणसाने तुम्हाला फोन केला असता. तुमच्या मेव्हणीबाईंनी तेच सुचवलं. मी म्हटलं, धान्य ते धान्य, त्यात विचारायचं काय? गव्हाला आम्ही दळण्याआधी पाणी पाजून अठरा तास मुरत ठेवतो, की साल चिवट होते आणि कोंडा मोठ्या पापुद्र्यांत सुटतो. मिस्त्री म्हणाले, “हे मऊ धान्य आहे. पाणी लगेच पितं असं ऐकून आहे.” कुणाकडून ऐकलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “दक्षिणेकडच्या हेडबाईंकडून. गेल्या संमेलनात.” म्हणजे तुमच्याच गिरणीतल्या, तुमच्या रायचं सगळं दळण ज्यांच्या हातात आहे त्या बाईंकडून. बस्स. त्या क्षणी माझ्या गिरणीत राय अठरा तास भिजणार हे विधिलिखित झालं.

दहा टन मुरत घातली. बुधवारी दुपारी रोलर सुरू केले. पहिल्या रोलरखालून कोंडा आणि पीठ वेगळे बाहेर येण्याऐवजी एक ओलसर गालिचा बाहेर येऊ लागला. तो वर चाळण्यांत गेला. आमच्या चाळण्यांची जाळी गव्हाच्या बारीक पिठाची. तिने दोन मिनिटांत डोळे मिटले. मग नळ्या. मग तिसरा मजला. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने हाक मारली की माझा उजवा बूट येत नाहीये. मी वर गेलो तर तो खरोखरच येत नव्हता. सगळं बंद केलं. मिस्त्रींनी चाळणीतून मूठभर काढलं, दाबलं, त्यावर त्यांची पाचही बोटं उमटली. म्हणाले, “साहेब, आपण चार मजली परात बांधलीय.” हे त्यांचं माझ्या सेवेतलं सर्वांत लांब विनोदी वाक्य.

पुढचे दोन दिवस गहूसुद्धा बंद. एकतीस माणसं (मी धरून) ब्रश, खरडणी आणि कोमट पाणी घेऊन. रोलरखाली आडवं होऊन खरडताना माझी पाठ गेली. मधल्या वेळेत हट्टाने जेमतेम एक पोतं पीठ काढलं आणि समोरच्या पाववाल्याकडे पाठवलं. तो तासाभराने स्वतः आला, हात पुसत, अगदी अदबीने. “हे वरच्या मजल्यावरचं गळकं छत आहे ना आमचं,” म्हणाला, “त्याला लावून बघितलं. थांबलं.”

असो. एरवी सगळं क्षेम आहे. गिरणी स्वच्छ झाली, कधी नव्हती इतकी. तीस टन राय कोरडी, शिल्लक आणि शांत आहे. आम्हाला कशाचीही कमतरता नाही. हे पत्र केवळ तुमच्या गुडघ्याची चौकशी करण्यासाठी. आमच्या मेव्हणीबाईंना आशीर्वाद सांगा.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. सहज आठवलं म्हणून. तुमच्या हेडबाई चार दिवस मोकळ्या असतील, आणि तुमच्याकडे रायच्या मोठ्या जाळीच्या चाळण्यांचा जास्तीचा संच पडून असेल, तर दोन्ही बुधवारच्या आत इकडे आलं तर मी नाही म्हणणार नाही. माझ्यासाठी नव्हे. गुरुवारी फुली पडली तर ती मिस्त्रींच्या गव्हावर पडेल, आणि त्या माणसाने आयुष्यात एकदाच मला आगाऊ सांगितलं होतं.

ता. क. दुसरा. चाळण्यांची मापं तुमच्या पानावर असतील म्हणून आत्ता तसबीर उतरवली. काच काढताना कडेची पुठ्ठ्याची पट्टी निसटली. तिच्याखाली आणखी एक ओळ छापलेली आहे: गहू, क्षमता रोज एकशे वीस टन. उत्पादन, आडवी रेघ. साडूबुवा, तुमच्या गिरणीत यंत्रांची एकच रांग आहे. ती मी स्वतः पाहिली आहे, तिच्यासमोर उभा राहून जळलो आहे. यंदाचं वार्षिक उघडलं, तर गव्हाच्या तक्त्यातही तेच. इतकी वर्षं मी फक्त रायचा तक्ता वाचत आलो. दुसरा उघडायची मला गरजच वाटली नव्हती. सासूबाईंना विचारलं, ही पट्टी कुणी लावली? म्हणाल्या, “मी. इथे कुणाला दिसू नये म्हणून. धाकट्यांना तुमच्या गव्हाचं फार लागतं हो. मी तिकडे असते तेव्हा विचारत असतात, थोरल्यांचं वीस वर्षांत खरंच एकही पोतं परत आलं नाही का?”

हे वाचून मी तसबिरीकडे बराच वेळ पाहिलं. फोटोत तुम्ही खरोखरच हसत नाही आहात.

ता. क. तिसरा. चिटणिसांचं ते शेवटचं वाक्य आता नीट वाचलं. ते गुरुवारी इथून निघून तुमच्याकडे येतात, आणि मला नाही वाटत हार घेऊन. त्यांच्या ट्रकात काय असेल याचा अंदाज तुम्ही करा. दाणा आखूड आणि सोनेरी असेल. तर असं करू. हेडबाई इकडे येतात, गुरुवार पार पडला की त्याच गाडीने आमचे मिस्त्री तिकडे. त्यांना चहा साखरेविना लागतो आणि ते ‘बघू’ म्हणाले की काम झालं असं समजावं. त्यानंतर आपण दोघांनी मिळून पुढच्या फॉर्मात प्रत्येकी एकेक रेघ मारायची आहे. तुमची तुम्ही आधी मारा.

ता. क. चौथा आणि शेवटचा. पाकीट चिकटवताना सासूबाईंनी सांगितलं, की बूट अडकला त्याच दिवशी त्यांनी तुम्हाला फोन केला होता. चाळण्या तेव्हाच गाडीत भरल्या आहेत, हेडबाईंची पिशवी तयार आहे, आणि तुम्ही म्हणालात, “थोरल्यांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या की गाडी सोडतो.” हे त्यांना माझं पत्र सुरू होण्यापूर्वी सांगता आलं असतं, पण त्यांना मला लिहिताना पाहायचं होतं. तेव्हा ही दोन ओळींची पावती समजून गाडी सोडा. मागणी दोन ओळींची होती, उत्पादन सहा पानांचं झालं आहे. उत्तर विभागाचा एवढा एक आकडा चिटणिसांनी डोळे मिटून छापावा.