थे गाव कोन्या तालुक्यात येते?

अमरावती
१२ जून २०२५

प्रिय सौ. नीलम हिस,
अ. उ. आ.

तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी असलीस तरी मी तुझ्या भावाची बायको, तेव्हा आशीर्वाद मीच देणार. मुकाट्यानं घे.

आज कांदा चिरताना तुला पाहायला पाहुणे आले होते ती दुपार आठवली. आपण एका वर्गातल्या, म्हणून तुझ्या आईनं मला सोबतीला बोलावलं होतं, आणि मी दाराआड पाण्याचे पेले धरून उभी होते. तुझे होणारे सासरे म्हणाले की पोरगी कॉन्व्हेंटची आहे म्हणता, तर जरा इंग्लिश बोलून दाखवू द्या. तुझा चेहरा पोह्यांपेक्षा पिवळा झाला. मग तू डोळे मिटलेस, हात जोडलेस आणि सिस्टर आपल्याकडून डबा उघडण्याआधी म्हणून घ्यायच्या ती जेवणाची प्रार्थना थेट आमेनपर्यंत म्हणून टाकलीस. सासऱ्यांनीही हात जोडले. तिथल्या तिथे होकार! नववीत गणितात तुझे किती आले होते, कुणी विचारलंसुद्धा नाही. मला हसू आवरेना, पेले कलंडले आणि सगळं पाणी तुझ्या दादाच्या पायावर. माझंही लग्न तिथंच जमलं म्हणायचं.

हे आठवायला कारण तुझ्या लेकाची, शेखरची, पेपरातली जाहिरात. ‘फील्ड ऑफिसर पाहिजे. फक्त नामांकित विद्यापीठाच्या पदवीधरांनीच अर्ज करावा.’ अगं, टोमॅटो-मिरचीची रोपं विकता की रॉकेट उडवता? आणि शेखर स्वतः बी.कॉम. तिसऱ्या झटक्यात झालाय. त्याच्याच कंपनीत त्याला कुणी दारात उभं करणार नाही.

तर काम असं. माझ्या भावाची, पिंटूची, रागिणी माझ्याकडे राहून इथल्या कॉलेजातून बी.एस्सी. ॲग्री झाली. (पिंटू छप्पन वर्षांचा झाला, आजोबा व्हायला आला, तरी पिंटूच.) पोर हुशार आहे, चिखलात उतरते, दुचाकीवर तालुके पालथे घालते. पण कॉलेजच्या नावाला वजन नाही म्हणून सगळीकडून नकार. पिंटूनं सांगून ठेवलंय की दसऱ्यापर्यंत नोकरी लागली नाही तर अचलपूरला येऊन दुकानात बसायचं आणि ब्लाउजपीस मोजायचे. ती रडत नाही, पण नखं खाते. मला ते बघवत नाही.

युनिव्हर्सिटीचं नाव म्हणजे बरणीवरचं लेबल. लोणचं आतलं बघावं. तू कंपनीची मालकीण आहेस, एवढं बघच.

फोन केला नाही, कारण शेखर गाडीत फोन स्पीकरवर घेतो आणि माझी गुपितं मूर्तिजापूरच्या टोलनाक्यापर्यंत ऐकू जातात.

लोभ आहेच, तो या अर्जाइतका तरी जपावा.

तुझी,
ज्योत्स्ना


अकोला
२७ जून २०२५

ती. सौ. ज्योत्स्नावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार साष्टांगच घातलाय. गुडघे धरलेत, उठवायला कुणी तरी पाठव.

आमेनची गोष्ट काढलीस म्हणजे काम असणार, हे मी पहिल्या ओळीलाच ओळखलं. शेखरनं रागिणीचा अर्ज रद्दीत टाकला होता. मी काढून वर ठेवला. कंपनी आमच्या ह्यांनी टॅक्स वाचवायला बायकोच्या नावावर केली होती, तेव्हा आता बायको सही करते, भोगा.

सोमवारी मुलाखती झाल्या. शेवटी दोघं उरले. एक तुझी रागिणी आणि एक भातकुलीचा प्रीतम. हा दिल्लीकडच्या फार मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीतून शिकून आलाय. शेखर त्याचा कागद लग्नात अंतरपाट धरतात तसा धरून बसला होता.

आता आमचे हे, पंजाबराव. ते रोपवाटिकेतून रिटायर झाले, खुर्चीतून नाही झाले. मुलाखतीला मध्यभागी बसले. त्यांचा आयुष्यात एकच प्रश्न असतो, तो त्यांनी रागिणीला विचारला की तू कोनाची वं? ती तुझी भाची आहे, हे त्यांना ठाऊक होतं, पण तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. मग जे नातं काढणं सुरू झालं! अचलपूर, तिथून तिच्या आईचं माहेर मूर्तिजापूर, तिथून कुणाची तरी चुलत मावशी, मावशीचा दीर, दिराची बैलजोडी. ती बैलजोडी आमच्या मामंजींनी विकली होती असं निघालं आणि पंजाबराव इतके खूश झाले की म्हणाले, अवं मंग पोट्टी घरचीच हाये, झालं काम. रोपांबद्दल तिला एक अक्षर विचारलं नाही.

मग प्रीतम आला. पंजाबराव म्हणाले की तू कोनाचा, बाप्पा? त्यानं वडिलांचं नाव सांगितलं नाही. युनिव्हर्सिटीचं नाव सांगितलं. पंजाबरावांनी ते तोंडात घोळवलं आणि विचारलं की थे गाव कोन्या तालुक्यात येते?

शेखर टेबलाखाली जायचा बाकी राहिला. पोरगा मात्र न हसता म्हणाला की काका, तालुका मलेही माहीत नाही, पण जेवन लई फिकं भेटते तिथं. पंजाबराव त्यावरही खूश. पण नातं काही निघालं नाही, म्हणून त्यांच्या लेखी तो परकाच.

शेखरला तो हवाय, कारण त्या युनिव्हर्सिटीचं नाव गेटवरच्या बोर्डात छापता येईल. रोपांबद्दल त्यानंही त्याला काही विचारलं नाही. म्हणजे बापानं बैलजोडीवर निवड केली आणि लेकानं बोर्डावर. सही राहिलीय माझी. मी कुठेच केलेली नाही.

दादाला सांग, गोळ्या वेळेवर घे. लोभाचा तुझ्याकडे साठा आहेच, थोडा इकडे पाठव.

तुझी नणंद (आणि बेंचवरची शेजारीण),
नीलम


अमरावती
१ जुलै २०२५

प्रिय नीलम,
अ. उ. आ.

बैलजोडीनं मला इतकं हसवलं की तुझे दादा स्वयंपाकघरात बघायला आले, मला काही झालं की काय.

पण आता थट्टा पुरे. तूच लिहितेस की शेखर नावाला भुललाय. मग सहीला अडलंय काय? गावातली पोरगी, गावातली माती, गावातली भाषा. त्या दिल्लीच्या कागदानं अकोल्यात मिरचीवरचा किडा मरतो का? मी तर रागिणीला सांगूनही टाकलं की काम झालंच समज. तिनं शेतात घालायचे बूट घेतले, आणि पिंटूनं दुकानातल्या खुर्चीवर ब्लाउजपीसचे गठ्ठे ठेवले, म्हणजे ती जागा आता भरली.

सही कर आणि मला मोकळी कर. सिस्टर म्हणायच्या ना, जे उद्या करायचं ते आज. त्या हे माझ्याकडे बघून म्हणायच्या, पण आज तुला लागू आहे.

लोभात खंड नको, सहीत तर नकोच.

तुझी,
ज्योत्स्ना


अकोला
१५ जुलै २०२५

ती. सौ. ज्योत्स्नास,
शि. सा. न.

आधी बस. पाणी पी. मग वाच.

सही केली. प्रीतमच्या कागदावर केली.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर ऐक. मी दोघांना पुन्हा बोलावलं. पंजाबरावांना दवाखान्यात बीपी तपासायला पाठवलं, शेखरला बँकेत. आणि दोघांना रोपांचंच विचारलं, एकसारखं. रागिणी झेंडूत पुढे, प्रीतम मिरचीत. उन्नीस-बीस. तुझी पोर खरंच हुशार आहे, त्यात खोट नाही.

शेवटी मी म्हटलं, तुम्हाला काही विचारायचंय? रागिणीनं विचारलं की रुजू कधी व्हायचं. प्रीतमनं विचारलं की मागच्या वर्षी तुमची किती रोपं मेली आणि काहून मेली. मी तिथंच नर्सरीवाल्या पार्बताबाईला हाक मारली, तर ती म्हणाली, मालकीणबाई, आजपर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं.

रागिणीला तो प्रश्न सुचला नसता असं मला वाटत नाही. तिला विचारायची गरजच पडली नाही. कारण तू तिला सांगून ठेवलं होतंस की काम झालंच.

नंतर मी प्रीतमला चहाला थांबवलं. त्याचे वडील गोवर्धनराव भातकुलीत लाइनमन होते. लाइट गेली की सगळं गाव त्यांना ओळखायचं, आली की विसरायचं. मी विचारलं की अरे, वडिलांचं नाव सांगायला लाज वाटते का? तो म्हणाला, नाही काकू, अभिमान आहे. पण वडिलांचं नाव सांगितलं की लोक आडनाव विचारतात, आणि आडनाव सांगितलं की मग पुढे काहीच विचारत नाहीत. युनिव्हर्सिटीचं नाव सांगितलं तर निदान पुढचा प्रश्न तरी विचारतात.

वहिनी, मी त्याला दुसरा कप ओतला.

तू म्हणतेस, नाव म्हणजे लेबल. मान्य. पण मग त्याच्या बरणीवरचं लेबल खरवडायचं आणि रागिणीच्या बरणीवर ‘आत्या अमरावतीची’ हे चिकटवलेलं तसंच ठेवायचं, हा कुठला न्याय? तिला मामा-मावशी-आत्या आयत्या मिळाल्या. त्यानं युनिव्हर्सिटी नावाचा एक मामा परीक्षा देऊन कमावला, तोही फिक्या जेवणावर. आणि आपल्याला बोलायला तोंड कुठंय? आपण दोघी एका आमेनवर खपलो.

बोर्डावर युनिव्हर्सिटीचं नाव येणार नाही, हे मी शेखरला सांगितलंय. त्याचं तोंड कारल्यासारखं झालंय, पण तसं ते लहानपणापासूनच आहे.

रागवायचं तेवढं रागव. लोभ मात्र तोडू नकोस, या वयात नवा कुठून आणू?

तुझीच,
नीलम


अमरावती
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय नीलम,
अ. उ. आ. (थोडे कमी. सहा चमचे काढून घेतले आहेत.)

तीन महिने लिहिलं नाही, कारण रुसले होते. फोनवर बोलत होते, पण ते रुसणं मोडणं नव्हे, रिचार्जचे पैसे वसूल करणं होतं.

तुझं पत्र मी रागिणीला लपवून ठेवणार होते, पण दिलं वाचायला. वाटलं, रडेल. ती तुझ्यावर चिडली नाही, माझ्यावर चिडली! म्हणे, आत्या, तुला कोणी सांगितलं होतं त्यांच्या घरात बैलजोडी शोधायला? मला निदान हरायचं तरी माझ्या नावावर होतं. दोन दिवस जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. दसरा झाला, ती अचलपूरला दुकानात बसली. ब्लाउजपीस मोजते आणि गिऱ्हाइकांना घराच्या कुंडीत झेंडू कसा लावावा ते सांगते. पिंटू म्हणतो, विक्री वाढली, पण बायका दोन-दोन तास उठत नाहीत.

आणि ऐक, तिनं कुठेतरी अर्ज केलाय. कुठे ते मला सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाली, नको, तिथेही तुझी एखादी नणंद निघेल.

प्रीतमनं पहिल्याच महिन्यात झेंडूचे ट्रे जास्त सावलीत ठेवून रोपं उंटासारखी लांब केली, हे शेखरनं मला फोनवर फार आनंदानं सांगितलं. मलाही क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग त्यानं पुढे सांगितलं की प्रीतम स्वतः शेतकऱ्यांकडे जाऊन चूक माझी म्हणाला आणि रोपं बदलून दिली. तेव्हा माझा आनंद जरा फिका पडला, दिल्लीच्या जेवणासारखा.

एक गोष्ट मात्र मनात घर करून बसलीय. ‘तुम्ही कोणाचे’ हा प्रश्न मला जन्मभर मायेचा वाटला. माहेरी, सासरी, एसटीत, कुणी विचारलं की मागून चहा येतोच, असा माझा अनुभव. कुणासाठी तो चहा त्याच प्रश्नावर थांबतो, हे साठी उलटेपर्यंत मला दिसलं नाही. शाळेत रोज आमेन म्हणत होतो आपण, पण डोळे मिटून.

असो. दिवाळीचं पार्सल उद्या एसटीनं निघेल. पिशवी मोठी आहे, नीट वाच, नाही तर दरवर्षीसारखं सगळं शेखर खाईल.

चिवडा पंजाबरावांना, पण शेंगदाणे काढून. दातांनी सांगितलंय म्हणावं. चकल्या शेखरला, सोबत कारल्याचं लोणचं, तोंडाला मॅचिंग. अनारसे तुझे एकटीचे, कपाटात कुलूप लावून खा. पार्बताबाईला हिरवी साडी. तिला सांग, तो प्रश्न कोणी विचारला नव्हता हे तिनं सांगितलं म्हणून.

स्टीलचा डबा प्रीतमला. शेतावर जेवतो ना. त्यात बेसनाचे लाडू आहेत, अजिबात फिके नाहीत. त्यावर नाव घालून घ्यायला गेले तर भांडेवाला मशीन धरून विचारू लागला की बाई, कोनाकडून टाकू? मी म्हटलं, कोणाकडून नाही, नुसतं प्रीतम. त्याला पटेना. म्हणाला, आडनाव तरी? मी म्हटलं, तेही नको, डबा त्याचा आहे. त्यानं तसाच घातला, आणि पैसे पूर्ण घेतले.

तसाच दुसरा डबा रागिणीसाठी घेतलाय. तो कोरा आहे, माझ्याकडेच ठेवलाय. नोकरी लागली की नाव मी स्वतः घालून घेईन, असं रागिणी म्हणाली आहे, आणि तोवर मी त्याला हातसुद्धा लावायचा नाही.

तुझी,
ज्योत्स्ना