समुद्र एका महिन्यात

३ मार्च, सकाळी साडेसात
काल भाजी घेताना वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई भेटल्या. महिनाअखेर व्याख्यान ठेवतायत. विषय : समुद्रशास्त्राची ओळख, म्हणजे समुद्राचा अभ्यास का करायचा. मला म्हणाल्या, तुमची मुलगी तेव्हा सुट्टीवर असेल ना? म्हटलं, असेल. म्हणाल्या, मग ठरलं तर!
व्याख्यान मी द्यावं आणि ते मुलीने ऐकावं, अशी त्यांची इच्छा दिसते. माझंच नाव का सुचलं हे उघड आहे. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस या गावात दुसरा नाही. पाणी ते पाणी. फक्त मीठ जास्त.
मुलगी संशोधनाच्या जहाजावर असते. सहा वर्षांपूर्वी तिने हा विषय घेतला तेव्हा मी म्हणालो होतो, खाऱ्या पाण्यावर कुणाचं पोट भरलंय? तिने ते फार मनाला लावून घेतलं असावं. माझ्या तर लक्षातही नाही.

४ मार्च
प्लॅन तयार. समुद्रशास्त्राच्या शाखा चार : भौतिक, रासायनिक, जैविक आणि तळाच्या खडकांची. महिन्याचे आठवडेही चार. रोज पहाटे पाचला उठायचं, दोन तास अभ्यास.

५ मार्च
सात चाळीसला जाग आली. अलार्म हिने बंद केला असणार. ही म्हणते, तुम्हीच केलात, वर ‘उद्यापासून’ असंही म्हणालात.

८ मार्च
ग्रंथपाल बाईंकडून जाडजूड पुस्तक आणलं. पानं ६१२. बाई खूश. म्हणाल्या, बरं झालं, मुलीशी बोलायला घरात कुणीतरी वाचलेलं असलं पाहिजे. मी सूचकपणे हसलो. त्याही हसल्या. आमचं चांगलं जमतं.
प्रस्तावना वाचून काढली. सगळं सार प्रस्तावनेतच असतं. पुढे नुसता तपशील.

११ मार्च
प्रयोगाशिवाय विज्ञान नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. पंधरा लिटरची बादली घेतली. अर्धा किलोच्या वर मीठ लागलं. घरातलं संपलं. समुद्र तयार करून गॅलरीत ठेवला आणि निरीक्षणापूर्वी जरा पडलो.
उठून बघतो तो बादली रिकामी. हिने झाडांना पाणी घातलं होतं.

१३ मार्च
गॅलरीतली सगळी झाडं माना टाकून बसली आहेत. ही माझ्याशी बोलत नाही. मात्र खारटपणाचा सजीवांवर होणारा परिणाम प्रत्यक्ष पाहायला मिळाला. म्हणजे रासायनिक आणि जैविक, दोन्ही शाखा एकदम आटोपल्या. मी वेळापत्रकाच्या पुढे आहे.

१६ मार्च, संध्याकाळी
मुलीचा फोन. जहाज बंदराला लागलंय. सत्तावीसला येते म्हणाली. ग्रंथपाल बाईंचे मेसेज येतायत, बाबा, तुम्हाला माहितीये ना? म्हटलं, मला सगळं माहितीये. सरप्राइज फोडायचं नाही, म्हणून जास्त बोललो नाही.
ती सांगत होती की चार हजार मीटर खोल बाटल्या सोडतात, पाणी भरून वर यायला दोन-तीन तास लागतात. मी विचारलं, जेवण वेळेवर मिळतं ना? मिळतं म्हणाली. मग हिने फोन घेतला. दोघी पाऊण तास बोलत होत्या. एवढं काय बोलतात कोण जाणे.

२० मार्च
सलूनमध्ये दाढी करता करता भाषणाची रिहर्सल. सलूनवाल्याने विचारलं, साहेब, इथून समुद्र चार जिल्ह्यांपलीकडे. आपल्याला काय त्याचं? म्हटलं, हाच तर कळीचा प्रश्न आहे. तो वस्तरा हवेत धरून उत्तराची वाट बघत राहिला. मी डोळे मिटून घेतले. गालाला साबण असताना बोलणं धोक्याचं असतं.
घरी येऊन पुस्तकात उत्तर शोधलं. प्रस्तावनेत नाही.

२३ मार्च
वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली. वक्ता म्हणून मुलीचं नाव! छपाईची चूक. ताबडतोब आत गेलो.
बाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग खुर्ची पुढे सरकवली आणि पाणी मागवलं. हळू आवाजात म्हणाल्या, अहो, पहिल्यापासून तिच्याचबद्दल बोलत होते मी. मग म्हणाल्या, वक्त्यांची ओळख तुम्ही करून द्या ना. दोन मिनिटं.

२४ मार्च
शांतपणे विचार केला. व्याख्यानाचं नावच ‘ओळख’. ती ओळख करून देणाऱ्याची ओळख मी करून देणार. म्हणजे पाया माझा. भाषणात काहीही बदल न करता ते ओळखीत बसेल. दोन मिनिटं हे काही घड्याळाचं माप नव्हे.

२८ मार्च, रात्री आठ
कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं होती. सलूनवाला पहिल्या रांगेत.
मी पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात केली. भरती-ओहोटीपर्यंत आलो तेव्हा बाईंची चिठ्ठी आली : ‘वक्त्यांविषयी बोला.’ घड्याळ पाहिलं. एकवीस मिनिटं झाली होती.
मग मी मुलीविषयी बोलायला लागलो. म्हणजे लागणार होतो. जहाजाचं नाव आठवेना. आठवेना म्हणजे, कधी विचारलंच नव्हतं. किती सफरी झाल्या, ठाऊक नाही. नेमकं काय मोजते, ठाऊक नाही. समोर सगळे थांबले होते. तीही थांबली होती. शेवटी म्हणालो, ही माझी मुलगी. लहानपणी आंघोळीलासुद्धा हिला ओढत न्यावं लागायचं.
लोक हसले. मी खाली बसलो.
ती उठली. म्हणाली, बाबांच्या बोलण्यात तीन चुका होत्या, त्यांतली एकच मोठी, भरतीची. आजवर भरती चुकीच्या दिशेला नेणारे पुष्कळ भेटले, पण इतक्या आत्मविश्वासाने नेणारा पहिलाच. लोक पुन्हा हसले. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता.
पुढचा तास कुणी हललं नाही. सलूनवाल्याने त्याचा तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, आत्ता तुम्ही श्वास घेतलात ना? पृथ्वीवर जेवढा प्राणवायू तयार होतो त्यातला जवळजवळ अर्धा समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव तयार करतात. इथल्या शेतांवर पडणारं पाणीही बरंचसं तिथूनच उठलेलं असतं. माणसाने चुलीत आणि गाड्यांत जाळलेल्या इंधनाच्या वायूंमुळे अडकलेली जास्तीची उष्णता बहुतेक समुद्रच पोटात घेतो. कुठवर घेईल, ते आम्ही मोजतो. न मोजता कळणार कसं?
सलूनवाल्याने मान डोलावली. मी वहीत लिहून घेतलं. हातचं सोडून प्रस्तावना वाचत बसलो होतो.

२९ मार्च, सकाळी
चहा घेताना मुलीला प्रश्न विचारला : चार हजार मीटरवरून आलेलं पाणी हाताला कसं लागतं? तिच्या कामाविषयी सहा वर्षांत पहिलाच. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, फ्रिजमधल्यासारखं गार, बाबा. भर उन्हात डेकवर हात लावला तरी. मग दीड तास बोलत होती. मला पाव भाग समजला. ही दारात उभी राहून ऐकत होती. भाजी करपली, तरी कुणी स्वयंपाकघरात गेलं नाही.
निघताना मुलगी म्हणाली, पुढच्या महिन्यात एक दिवस घरच्यांना जहाज दाखवतात, तुम्ही दोघं या. मी लगेच हो म्हटलं. निरीक्षणासाठी स्वतंत्र वही करणार आहे. डेकवर उभं राहून लाटांची उंची मोजण्याचाही विचार आहे.
तेवढ्यात हिने तिला सांगून टाकलं की मला बसच्या मागच्या सीटवरही मळमळतं. मुलीने कागदावर गोळीचं नाव लिहून दिलं. अर्धा तास आधी घ्यायची.
मी विचारलं, समुद्र त्या दिवसांत खवळलेला असतो का? म्हणाली, जहाज धक्क्याला बांधलेलं असेल, बाबा.
मग तो कागद माझ्या खिशात सरकवत म्हणाली, तरी घ्या.