हिवरा आश्रमाजवळ थांबलेली जिप्सी

उंद्री, मंगळवार

प्रिय मयुरी,

कचरू गेला. गुरुवारी दुपारी, बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात. फोन करून सांगता आलं असतं, पण कचरूचं नाव निघालं की तू विषय बदलतेस आणि मीही तो बदलू देतो. शिवाय मला जे सांगायचं आहे ते ऐकताना तू मध्येच फोन ठेवलास, तर पुन्हा लावायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून कागद घेतला. वाचून झाल्यावर तू मला बाबा म्हणशील की नाही, ठाऊक नाही. पण शेवटपर्यंत वाच, एवढं कर.

दिवाळीपासून त्याला खोकला होता. फुप्फुसं गेली होती, पण तो दवाखान्यात जायचं टाळत राहिला. गेल्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्याच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून आत बाजेवर पडला होता. मला बघून उठून बसला आणि पहिला प्रश्न काय, तर, "सर, जिप्सी एका सेल्फात उठते ना?" मी हो म्हणालो. खरं तर तीन महिन्यांत मी तिच्यावरची ताडपत्रीसुद्धा काढलेली नव्हती. मग त्यानं तुझी चौकशी केली. पुण्याची हवा ताईले मानवते का, बँकेत काम लई असते का. दर भेटीत तो हे विचारायचा. तुला मी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं.

आपल्या नेमबाजी क्लबातल्या गाड्या आठवतात? किसनराव वकिलांची ॲम्बेसेडर, जिचं मागचं सीट रायफलच्या पेट्यांसाठी कायमचं काढून टाकलं होतं. पुंजाजींची ओम्नी, जिचं दार दोरीनं बांधावं लागायचं आणि दर स्पीडब्रेकरला पुंजाजी दोरीला हात लावून बघायचे. आणि लष्कराच्या लिलावातून आलेली आपली जिप्सी. नेमबाजाचं सगळं काडतुसांत जातं, गाडीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. या तिन्ही म्हाताऱ्यांना कचरूनं चालतं ठेवलं. मलकापूरच्या भंगारातून सुटे भाग शोधून आणायचा आणि नवा दागिना दाखवावा तसे दाखवायचा. आपला नियम होता, ज्याची स्पर्धा त्यानं गाडी चालवायची नाही. चार तास स्टीअरिंग धरलं की हातात बारीक कंप राहतो आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर तो बरोबर उमटतो. म्हणून बहुतेक वेळा कचरूच चालवायचा. नागपूर, पुणे, इंदूर, सगळीकडे. एकदा मी त्याला म्हटलं, अरे, एक तरी गोळी मारून बघ. तर म्हणाला, "बंदूक तुमची सर, गाडी माह्यी. मले थेच पुरे हाय."

दुसरा नियम फक्त माझा होता आणि तुम्ही सगळे त्यावरून मला चिडवायचात. प्रवासात रायफल एकीकडे, गोळी डागणारा तिचा बोल्ट दुसरीकडे. लांबलचक पेटीतली रायफल चोरीला गेलीच, तर बोल्टशिवाय ती नुसती काठी. पेटी मागच्या सीटखाली आणि बोल्ट माझ्या जुन्या लोकरीच्या मोज्यात गुंडाळून स्टेपनीच्या पोटात. गाडी गॅरेजमध्ये जाणार असली की मी तो मोजा काढून घरात ठेवायचो. कचरूच्या गॅरेजमध्ये जाणार असली तरी. त्यानं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. निदान दाखवलं तरी नाही.

आता ती नागपूरची राज्य स्पर्धा. तुझं ज्युनियर गटातलं शेवटचं वर्ष. सरावात तू असे स्कोअर मारत होतीस की किसनराव टार्गेटचे कागद घरी नेऊन लोकांना दाखवायचे. राष्ट्रीयला जाणार, यात कुणालाच शंका नव्हती. दुपारी एकच्या डिटेलमध्ये तुझी गोळ्या मारायची पाळी होती. रायफल घेऊन लॉजवर मुक्काम करायचा नाही हा माझाच हट्ट, म्हणून आपण पहाटे चारला निघालो. त्या दिवशी कचरूच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून गाडी मी चालवत होतो. आदल्या दिवशी त्यानं जिप्सी सर्व्हिसिंग करून दिली होती.

हिवरा आश्रमाला चहाला थांबलो. तू मागे शाल पांघरून झोपली होतीस. मी सवयीनं स्टेपनीत हात घातला. मोजा नव्हता. तो घरी होता, तांदळाच्या डब्यात. सर्व्हिसिंगच्या आधी मीच काढून ठेवला होता आणि परत ठेवायचा विसरलो होतो.

उंद्रीला जाऊन परत यायचं म्हटलं तर डिटेल गेलीच असती, हे खरं. पण मी तुला उठवलं असतं, आयोजकांना फोन केला असता, तर कुणीतरी आपली रायफल तुला दिली असती. नेमबाज देतात. परक्या रायफलवर तू कमी मारलं असतंस, पण मारलं असतंस. मी ते केलं नाही. मी तीस वर्षं पोरांना शिस्त शिकवलेला मास्तर, आणि माझ्याच नियमानं मला पाडलं होतं, हे तुझ्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. मी बॉनेट उघडलं, कॉइलची वायर ओढून काढली, बॉनेट लावलं आणि तुला हाक मारली. गाडी बंद पडली, म्हणालो.

पाहुण्यांची तयारी तशीच टाकून कचरू मोटारसायकलवर आला, तोवर डिटेल गाठायची वेळ टळली होती. बॉनेट उघडल्यावर त्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. ती वायर आपोआप निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. मग वायर जोडून तो उगाच अर्धा तास इंजिनात हात घालून राहिला आणि तुझ्यासमोर येऊन म्हणाला, "ताई, माह्यंच चुकलं. काल वायर घट्ट नाई बसोली मी." तू काय म्हणालीस ते तुला आठवत असेलच. "काका, तुम्ही माती केली माझी." तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मी शेजारी उभा होतो. तो गरीब मिस्त्री आणि मी सर. त्याच्यावर ढकलणं सोपं जाईल, हे मला आतून माहीत होतं. ही गोष्ट लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे.

त्यानंतर तू रायफलला हात लावला नाहीस. तुझ्या लग्नात त्यानं दोन दिवस खपून जिप्सी धुतली, पुसली, फुलं लावली, आणि तू तिच्यात बसायला नकार दिलास. मांडवाबाहेर त्यानं ती फुलं एकेक करून काढली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पुढच्या वर्षी सांगू, तुझं मूल झालं की सांगू, असं करता करता नऊ वर्षं गेली. एकदा मी त्याच्यापाशी हा विषय काढायला गेलो, तर म्हणाला, "जाऊ द्या न सर. ताईले बाप एकच हाय. मिस्त्री दुसरा भेटते."

परवा त्याच्या बायकोला, धम्मशीलेला भेटायला गेलो. त्यानं तिलाही खरं सांगितलेलं नव्हतं. तुमच्यापायी सरांच्या पोरीचं नुकसान झालं, असं ती नऊ वर्षं त्याला बोलत आली होती. तिनं मला विचारलं, "सर, ताईचा राग गेला होता का हो? जाईपर्यंत हेच इचारत होते." आणि मयुरी, मी हो म्हणालो. कधीच गेला, म्हणालो. ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, बरं झालं. घरी आल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. लोक उठून त्याच्याबद्दल चार शब्द बोलतील, मलाही बोलायला सांगितलं आहे. मी तिथे सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये, म्हणून आज लिहिलं. मला माफ कर असं म्हणत नाही. पण जमलं तर रविवारी ये. आलीस तर माझ्याकडे येऊ नकोस, आधी धम्मशीलेजवळ जाऊन बस. मी बोलायला उभा राहीन तेव्हा तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं.

तुझाच, तू म्हणू देशील तोवर,
बाबा